ज्योतिबाचं मुसळ

४ जानेवारी १९५९, शिरूर

नव्या वहीचं पहिलं पान चांगल्या बातमीनं भरायचं म्हणून वर्ष लागल्यापासून थांबलो होतो. चांगली बातमी काही आली नाही. आली ती ही : हॅरिससाहेबाचं भिंग ज्योत्यानं पटकावलं.

हॅरिस म्हणजे दौंडचा इंजिन ड्रायव्हर, बायकापोरांसकट कायमचा ऑस्ट्रेलियाला चाललाय. त्याच्याकडे लढाईच्या आधीचं जर्मन टेलिफोटो भिंग होतं. हातभर लांब, काळंभोर, पल्याडचं झाड अंगणात आणून ठेवणारं. वर्षभर मी त्या माणसाच्या मागे होतो. नाताळात बायकोच्या, दयाच्या हातच्या करंज्या घेऊन दौंडला गेलो, त्याच्या दारात थंडीत कुडकुडत इंग्रजी गाणी म्हटली. म्हटलं धर्म एक, देव एक, भिंग आपल्याकडेच येणार. आणि ज्योतिबा कोळप्यानं काय केलं? तो पार्सल ऑफिसात आहे. त्यानं साहेबाच्या पेट्या बांधून दिल्या, कपबश्या गवतात बसवून दिल्या. जाता जाता साहेबानं भिंग त्याच्या हातात ठेवलं. करंज्या खाल्ल्या माझ्या आणि भिंग दिलं त्याला!

बातमी संपतनं आणली. संपत एस.टी.त कंडक्टर, दौंड-शिरूर गाडीवर असतो, आमच्या दोघांचे निरोप तोच नेतो-आणतो. वर मलाच सांगतो, "मास्तर, काय भिंग हाय वो! ज्योतिबाआप्पांच्या मंडळी म्हनल्या, ह्ये तर मुसळच हाय."

मी बन्यामीन भिंगारदिवे, मिशनच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. आडनावातच भिंग आहे, दिवेही आहेत, पण घरात आहे काय? एक पितळी इंग्रजी भिंग, त्याला दया पडवळ म्हणते. एक फ्रेंच, त्याच्या पाकळ्या गंजून बसल्यात, उघडत नाहीत की मिटत नाहीत. आणि एक ठेंगणं, त्याचा बाप कोण तेच कळत नाही.

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ घेतला. घर, बैल, गाढव सगळं झालं. भिंगाचं नाव निघालं नाही. शिवाय ज्योत्या शेजारी कसला, मधे अख्खी भीमा आहे.


११ जानेवारी

दौंडला जाऊन आलो. गेलो नसतो तर त्याला वाटलं असतं जळतोय.

लढाईच्या वर्षांत ज्योतिबा आणि मी पुण्याच्या लष्कर भागात एका फोटोवाल्याकडे कामाला होतो. एकाच अंधाऱ्या खोलीत, एकाच लाल दिव्याखाली. भिंगांचा नाद दोघांना तिथेच लागला. ज्योतिबाचा बाप मेंढरं राखायचा, हा अंगठ्याला शाई लावण्यापुरता शिकला. भिंग कसं पाहावं हे त्याला मी शिकवलं. उजेडावर धरून बुरशीचे धागे शोधायचे, कडं फिरवून ते खरखरतं का बघायचं, नाकाशी नेऊन ओलीचा वास येतो का बघायचं. सगळं माझ्याकडून घेतलं आणि आज त्याच्याकडे माझ्या दुपटीनं भिंगं आहेत.

नेहमीप्रमाणे स्टेशनच्या पुलावर गेलो. नवं भिंग आलं की आम्ही ते पुलावर कॅमेऱ्याला लावतो आणि मागच्या दुधी काचेवर यार्डातलं लांबचं इंजिन आणून त्याचा नंबर वाचतो. ज्योतिबानं स्टँड लावलं, काळं फडकं माझ्या डोक्यावर टाकलं. "बन्या, तू बघ आधी. तुझ्या डोळ्यावर माझा इश्वास हाय."

हे काय, नुसतं दाखवणं! मी बघितलं. देवा रे. यार्डाच्या पार टोकाचं इंजिन, त्याचा नंबर तर सोडाच, टपावर बसलेल्या फायरमनच्या तोंडातली विडी दिसली. मला रडू यायचं बाकी राहिलं.

भिंगात एक बुडबुडा आहे. जुन्या चांगल्या काचेत असतोच, काच ओतताना राहतो, त्यानं दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. अडाणी माणूस बुडबुडा पाहून घाबरतो, आम्ही घाबरत नाही. त्याला 'काचबिंदू' हे नाव मी दिलं, त्या लाल दिव्याखालीच सुचलं. माणसाच्या डोळ्याला मोतीबिंदू, काचेच्या डोळ्याला काचबिंदू. शब्द माझा, पण ज्योत्या तो बापजाद्यांचा असल्यासारखा वापरतो. "काचबिंदू हाय बग एक, म्हंजी काच अस्सल," मलाच सांगतो!

मग तो फडक्याखाली गेला. बराच वेळ बाहेर येईना. आला तो तोंड पाडून.

"मधलं झकास हाय रं. पर कडा काळ्या दिसत्यात. चौबाजूंनी अंधार हाय. तुला न्हाई दिसला?"

मी पुन्हा बघितलं. काळं कुठलं? पार कोपऱ्यापर्यंत लख्ख. डाव्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिच्यावरचा कावळासुद्धा नीट.

"आहेत खऱ्या जरा काळ्या," मी म्हणालो.

"म्हंजी खोट हाय?"

"मोठ्या भिंगांत असते ती. हॅरिसनं गंडवलं तुला."

त्याचा चेहरा एवढा उतरला की मला कडकडून भूक लागली. अनसावहिनींनी केलेली बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत चापून खाल्लं. गाडीत बसलो तेव्हा जरा वाईट वाटलं. पण एवढंसं खोटं! त्यानं माझ्या वर्षभराच्या करंज्या पाण्यात घातल्या त्याचं काय?


१ फेब्रुवारी

ज्योतिबा आज मुसळ घेऊन आमच्याकडे. येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला, आत आल्यावर वाटेतला तांब्या लाथाडला, पाणी सगळ्या घरात. मोकळ्या रानात वाढलेला माणूस, त्याला घरात चालायची सवय कुठून असणार?

दया पुसता पुसता म्हणाली, "अहो, भाऊजींना बाजूचं दिसत नाही वाटतं."

ही त्याचीच बाजू घेणार, मला ठाऊक होतं.

मग ह्यानं काय करावं? दया मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. हा कंपाउंडाच्या पार त्या टोकाला चिंचेखाली जाऊन बसला आणि तिला नकळत तिथून फोटो काढला. सांगितलं तेव्हा दया लाजली. बारा वर्षांच्या संसारात मी तिचे इतके फोटो काढले, दर वेळी म्हणते, "आवरा आता, भात करपेल." ह्याच्यापुढे लाजते!


१५ फेब्रुवारी

दोन गोष्टी झाल्या, दोन्ही वाईट.

एक, संपतनं दयाचा फोटो आणून दिला. ती अशी हसताना मी कधी पाहिली नाही, म्हणजे पाहिली असेन, कॅमेऱ्यात आली नाही. तिनं तो आरशाला खोचून ठेवलाय. मी मुद्दाम त्याच्या कडा तपासल्या. चारी कोपरे स्वच्छ. ज्योत्यानं स्वतः छापलाय हा, त्याला कसं कळलं नाही कडा काळ्या नाहीत म्हणून? बरंच झालं. आपण कशाला बोला.

दुसरी, पुण्याच्या एका साप्ताहिकात त्याचं काळवीट छापून आलं. वरवंडच्या माळावरचं, मुसळानं काढलेलं. खाली नाव, श्री. ज्योतिबा कोळपे, दौंड. हेडमास्तरांनी ते शाळेच्या फळ्यावर लावलं आणि मला म्हणाले, "भिंगारदिवे, तुमचे मित्र ना हे? तुम्हीही असं काही काढत जा की."

असं काही! माझ्याकडे पडवळ आहे हो साहेब. पडवळानं काळवीट येत नाही, शेळी येते.


८ मार्च

पुन्हा दौंड. दया म्हणाली, "दर रविवारी चर्चपेक्षा दौंड बरं वाटतं तुम्हाला. मुसळ डोळ्यात गेलंय तुमच्या." मी पिशवी उचलली.

संध्याकाळी आम्ही पुलावर होतो. स्टेशनचे दिवे लागले. ज्योतिबा फडक्याखालून म्हणाला, "बन्या, ह्ये बग. दिव्याभवती कडं दिसतंय. इंद्रधनू असतंय तसं, निळं, तांबडं. आता ह्ये काय नवीन?"

मी बघितलं. दिव्यासारखा दिवा. कडं नाही, काही नाही.

आता जानेवारीत एकदा हो म्हटल्यावर मार्चमध्ये नाही कसं म्हणायचं? "मलाही दिसतंय," मी म्हणालो. "दोन काचा चिकटवतात तो डिंक सुटत आला असेल. ह्या भिंगाचं काही खरं नाही ज्योत्या. काढून टाकायचं झालं तर आधी मला सांग. मित्राचं म्हणून मी ठेवून घेईन."

"तू हाईस म्हून बरं," तो म्हणाला. "येकल्याला ह्ये दिसलं असतं तर मला वाटलं असतं माझ्याच डोळ्यात काय झालंय."

पूल उतरताना तो पायऱ्या चाचपत उतरत होता. नवी वहाण असेल, मी विचारलं नाही.


२९ मार्च, ईस्टर

सगळ्यांना सलाम केला, सगळ्यांशी गोड बोललो. प्रार्थनेत ज्योतिबासाठी काही मागावं असं आलं मनात. मुसळाशिवाय दुसरं काही सुचेना, म्हणून तसाच उठलो.


१२ एप्रिल

आज एक मोठं संकट टळलं. माझ्या अकलेनं टळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

दुपारी संपत आला. शिट्टी गळ्यात, अंगाला घामाचा आणि डिझेलचा वास. गाडी सुटायला दोनच मिनिटं होती, उंबऱ्यातूनच म्हणाला, "मास्तर, दौंडचा निरोप हाय. अनसावैनी म्हनल्या, काचबिंदू निगालाय. पुण्याला न्यावं का म्हनत्यात. मास्तर सांगतील तसं करू, असं म्हनल्या."

मी चरकलो. पुण्याला म्हणजे लष्करातल्या आमच्या जुन्या ओळखीच्या भिंगदुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याकडे. तो मुसळ हातात घेणार आणि सांगणार, बाबांनो, ह्यात खोट कसली, असलं भिंग मुलखात दुसरं नाही, कडा लख्ख आहेत, डिंक शाबूत आहे. झालं! ज्योत्या ते जन्मात सोडणार नाही आणि वर मी खोटा ठरणार. आणि कारण काय, तर काचबिंदू! इतकी वर्षं माझा शब्द वापरून अजून बुडबुड्याला घाबरतोच म्हणायचा. की वहिनींनी घेतला असेल धसका, बायामाणसांना काय कळतंय त्यातलं.

मी संपतकडून नीट घोकून घेतलं. म्हटलं, सांग त्यांना, "काचबिंदूला काही करायचं नसतं. तो असतोच. त्यानं दिसण्यात काही फरक पडत नाही. पुण्याबिण्याला अजिबात नेऊ नका, तिथे खोलून ठेवतील आणि होतं ते घालवून बसाल. आहे तसं राहू द्या."

संपतनं शब्दन् शब्द म्हणून दाखवला. कंडक्टर लोकांची याददाश्त चांगली असते.

दयानं आतून विचारलं, "कुणाला काय झालंय?"

"मुसळाला काचबिंदू झालाय," मी म्हणालो, आणि किती तरी दिवसांनी मोठ्यानं हसलो.


१९ एप्रिल

संपत सांगत होता, निरोप पोचला. वहिनींनी त्याला गूळ-पाणी दिलं, म्हणाल्या, "मास्तरांनी सांगितलं म्हंजी जिवाला घोर न्हाई." पुण्याचा बेत मोडला. शाब्बास बन्यामीन.


१७ मे

सुटी लागलीय. उकाडा जीव घेतोय. आणि ज्योतिबानं संपतबरोबर पेटी पाठवली आहे, मुसळ सोडून त्याची बाकीची सगळी भिंगं आत. निरोप असा, "समद्या भिंगांच्या कडा काळ्या पडल्यात. मधली काचबी धुरकटली. बन्याला म्हनावं, तू बघ आधी आन् खरं काय त्ये सांग."

दिवसभर अंगणात एकेक भिंग तपासलं. उजेडावर धरलं, हुंगलं, कॅमेऱ्याला लावून चर्चची घंटा बघितली. एकही काळं नाही, धुरकट नाही. सगळी ठणठणीत.

सगळी भिंगं एकदम खराब झाली म्हणे! मला काय खुळा समजतो? आता माझ्या लक्षात आलं. हा माझी परीक्षा घेतोय. मार्चपासून संशय आला असणार त्याला. मी आता 'चांगली आहेत' म्हणालो तर तो म्हणणार, मग मुसळच कसं वाईट? आणि 'वाईट आहेत' म्हणालो तर म्हणणार, सापडला चोर. मेंढरं राखणाऱ्याच्या पोटी जन्माला आला पण डोकं वकिलाचं आहे.

मी पेटी तशीच परत पाठवली. निरोप ठेवला, "हवा दमट आहे, पावसाळ्यानंतर बघू."

दया म्हणाली, "हवा दमट? मेमध्ये?" तिला सांगितलं, चुलीकडे बघ.


२८ जून

मुसळ माझ्या टेबलावर आहे.

पुन्हा लिहितो. मुसळ माझ्या टेबलावर आहे! संपतनं पोत्यात गुंडाळून आणलं. मागितलं नाही, भांडलो नाही, आपणहून आलं. निरोप एवढाच, "बन्याला द्या. मला आता ह्याचा उपेग न्हाई."

मी लगेच कॅमेऱ्याला लावलं. ज्योतिबानं रेल्वेच्या फिटरकडून करून घेतलेलं कडं माझ्याही कॅमेऱ्याला बसलं, आम्ही दोघांनी कॅमेरे एकाच दुकानातून घेतले होते. घोड नदीच्या पलीकडच्या बाभळीवरची सुगरणीची घरटी मोजता येतात. पाळकसाहेबांना दाखवलं, हेडमास्तरांना दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, "वा भिंगारदिवे, आता येऊ द्या तुमचं काळवीट."

दयानं मात्र हात लावला नाही. "असं कसं दिलं हो त्यांनी? जीव होता त्यांचा ह्याच्यावर."

"कंटाळला असेल."

"जाऊन तर बघा," ती म्हणाली.

जाणारच आहे. आभार मानायला जाणार. आणि देणाऱ्याचं तोंड कसं झालंय तेही बघायला, इथे खोटं कशाला लिहू.


५ जुलै, दौंड

स्टेशनबाहेर एस.टी.ची वाट बघत बसलोय. 

ज्योतिबा दारातल्या बाजेवर बसला होता. भर दुपार, स्वच्छ ऊन. मी समोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत होता. बघत होता आणि म्हणाला, "कोन हाय?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हणालो, "जर्मनीहून आलोय, मुसळाचा मालक."

"बन्या व्हय!" तो हसला आणि हात पुढे केला, पण तो भलत्याच बाजूला गेला.

वहिनी बाहेर आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "उजव्यानं कायबी दिसत न्हाई मास्तर. डाव्यानं दिसतंय ते नळीतनं बघितल्यावानी. वैशाखापास्नं पार्सल ऑफिसात जातच न्हाईत."

"काय झालं?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला काही, काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"तुमाला कळवलं हुतं की. काचबिंदू."

मी म्हणालो, "भिंगाला ना?"

वहिनींना काय बोललो ते कळलंच नाही. ज्योतिबा मात्र मोठ्यानं हसला. "आरं, तेच तर! रेल्वेच्या डाक्टरनं डोळं बघितलं आन् म्हनला, काचबिंदू हाय, पुण्याला जावा. मी हसाय लागलो. म्हनलं, ह्यो तर आमच्या मास्तराचा शब्द, डाक्टरपत्तूर कसा पोचला?"

"मग आमी तुमाला इचारलं," वहिनी म्हणाल्या. "तुमी सांगितलं, त्याला काय करायचं नसतंय, असतोच त्यो. पुण्याला नेलं तर खोलून ठेवतील, हाय ते बी जाईल. मग न्हाई नेलं. मिशनच्या दवाखान्यात तुमच्या वळखी, शिकलेलं माणूस. तुमी न्हाई तर कुनी सांगायचं आमाला?"

त्यांनी हे दोष म्हणून सांगितलं नाही. चहा ठेवता ठेवता सांगितलं.

शब्द माझा नव्हताच. दुखण्याचं जुनं नाव आहे ते, कधी तरी कुणाच्या तोंडून कानावर पडलं असेल आणि आपल्याला सुचलं म्हणून मी मिरवत बसलो.

सांगावं असं वाटलं. मला वाटलं भिंगाचा निरोप आहे, एवढं तरी सांगावं. पण एवढं सांगितलं की पुढचं विचारलं जाणार. मग पुण्याला न्यायला का नको म्हणालास? मी चहा प्यालो. म्हणालो, "गुरुवारी मी येतो. ह्याला घेऊन पुण्याला जातो."

"मी बी येते," वहिनी म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पर म्हैस व्यायला झालीया. मास्तर हायेत संगं, मग मला कसली काळजी."

मला फार भीती वाटतेय. त्याच्या डोळ्यांची वाटतेय की माझी, ते कळत नाही.


९ जुलै

आत्ताच दौंडहून आलो. दयानं जेवायला वाढलंय, तिला म्हटलं झाकून ठेव.

सकाळच्या गाडीनं ज्योतिबाला पुण्याला नेलं. गाडीत तो खिडकीशी बसला होता. मधे मधे विचारायचा, "कंचं टेसन?" मी सांगायचो, पाटस, केडगाव, यवत. तो म्हणाला, "भुलेसराचा डोंगर दिसतोय का बग. माझ्यासाठी बघून घे." मी दोन्ही डोळ्यांनी बघत होतो, आणि कोपऱ्यापर्यंत सगळं दिसत होतं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी ज्योतिबाचे डोळे दिव्यानं तपासले, बोटांनी दाबून बघितले. म्हणाले, उजवा गेला, तो परत येत नाही. डावा उरलाय तेवढा राखायला ऑपरेशन करावं लागेल, पुढच्या आठवड्यातच. तोवर हे थेंब. मग त्यांनी विचारलं, "कडा काळ्या दिसायला लागून किती दिवस झाले?"

"संक्रांतीच्या आधीपास्नं," ज्योतिबा म्हणाला. "पर तवाचं ते डोळ्याचं नव्हतं साहेब. भिंगाला खोट हुती. मास्तरांनी बी बघितलं, त्यांना बी कडा काळ्याच दिसल्या. दिव्याभवतीचं कडं बी दिसलं. इचारा त्यांना."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हालाही? दोन्ही?"

मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही.

"मग तुम्ही इकडे या आधी," ते म्हणाले. घाईनं म्हणाले, काळजीनं. "हे अंगावर काढू नका. तुमच्या मित्राचं काय झालं ते बघताय ना. बसा."

मी स्टुलावर बसलो. ज्योतिबाही काळजीत पडला. बाकावरून म्हणाला, "साहेब, नीट बघा त्याला. चित्रं काढतो तो, त्याचं पोट डोळ्यावर हाय."

डॉक्टरांनी माझा एक डोळा झाकला. म्हणाले, समोर माझ्या नाकाकडे बघा, मी बाजूनं बोट आणतो, दिसलं की सांगा. बोट कानाच्या मागून निघालं. ते मला लगेच दिसलं. नखाशी शाईचा डाग होता, तोही दिसला. गप्प बसता आलं असतं. बोट आणखी पुढे येऊ दिलं असतं, मग म्हणालो असतो, आता दिसलं. थेंबांची बाटली मलाही मिळाली असती आणि दोघं सारखेच दुखणाईत म्हणून घरी आलो असतो. ज्योतिबा मान माझ्या दिशेला करून ऐकत होता.

"दिसलं," मी म्हणालो.

बोट दुसऱ्या बाजूला गेलं. "आता?"

"दिसलं."

वर. खाली. दुसरा डोळा. दर वेळी मी दिसलं म्हणालो. मग त्यांनी दिव्यानं आत बघितलं, बोटांनी दाबून बघितलं.

"उत्तम आहेत डोळे," डॉक्टर म्हणाले. "काही झालेलं नाही तुम्हाला. जानेवारीतही झालेलं नसणार. हे दुखणं आलं की मागे जात नाही."

ज्योतिबा बाकावरून उठला. आम्ही बाहेर आलो. माझ्या दंडाला धरून तो चालत होता. फाटकाशी आल्यावर थांबला.

"मंग तवा, बन्या?"

टांगे चालले होते, सायकली चालल्या होत्या. मी म्हणालो, "कडा स्वच्छ होत्या. पहिल्यापासून. मला भिंग हवं होतं."

"आन् पुण्याला नगं म्हनलास ते?"

"तेही त्याच्याचसाठी. काचबिंदू म्हणजे मला वाटलं भिंगातला."

त्यानं हात काढून घेतला. रागावला असता, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो तिथे नुसता उभा राहिला, फाटकाचा गज चाचपत. मी शेजारीच होतो. बऱ्याच वेळानं त्यानं हात पुढे केला, तो रिकामा फिरला.

"कुठं हाईस?" तो म्हणाला.

मी त्याचा हात माझ्या दंडावर ठेवला. दौंडपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याला दंड सोडताही आला नाही.

दौंड स्टेशनवर अनसावहिनी वाट बघत उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, डावा डोळा राहील, हे सगळं मी सांगितलं. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "तुमी हुता म्हून निभावलं मास्तर. पुढच्या खेपंला बी तुमीच घेऊन चला."

"न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "पुढच्या खेपंला तू चल."

आणि त्यानं माझा दंड सोडला.